जगला

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं आणि सर्जन बाहेर आला. डोक्यावरची टोपी त्याने मुठीत चुरगाळून धरली होती. बाकावरून सासरा आणि सून एकदमच उठले.

सासरे म्हणजे लॅटिनचे जुने मास्तर. हा सर्जन त्यांच्याच हाताखालून गेलेला, मागच्या बाकावरचा वांड पोरगा. आत मास्तरांचा मुलगा होता. हृदयाची झडप बदलायची म्हणून सकाळी स्वतःच्या पायांनी चालत आला होता, जाताना बायकोला म्हणाला होता, "बाबांना चहा पाज, उगाच उपाशी बसतील."

"सर," सर्जन म्हणाला आणि अडखळला. त्याने सुनेकडे पाहिलं. मग मास्तरांकडे वळून, वर्गात उभं केल्यावर उत्तर द्यावं तसं हळूच म्हणाला, "व्हिक्सिट."

मास्तरांनी भिंतीला हात टेकला.

लॅटिनमध्ये व्हिव्हेरे म्हणजे जगणे. हे क्रियापद आलं की मास्तर दरवर्षी खडू खाली ठेवायचे. रोमन माणसाला 'मेला' हा शब्द जिभेवर नको वाटायचा, ते सांगायचे, म्हणून तो म्हणायचा, व्हिक्सिट. जगला. म्हणजे जगून झालं त्याचं. पोरं खिदळायची.

"काय म्हणाले ते?" सुनेने त्यांची बाही ओढली. "बाबा, सांगा ना! काय म्हणाले डॉक्टर?"

मास्तरांचे ओठ हलले. शब्द समोर आला की अर्थ सांगायचा, उभा जन्म त्यांनी एवढंच केलं होतं. सवयीने तोच बाहेर पडला.

"जगला."

"जगले!" ती ओरडलीच. "बाबा, जगले! मी म्हणत नव्हते?" तिने सर्जनचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. डोळ्यांना धार लागली होती आणि ती हसत होती. सर्जनला हात सोडवून घ्यायचंही सुचेना.

"पोरीला कळवते आधी. घोर लावून बसलीय बिचारी." तिने फोन लावला. पलीकडून लगेच आवाज आला, "आई? बोल ना, आई!"

मास्तरांनी पुढे होऊन तिचं मनगट धरलं.

"सूनबाई, थांब," ते म्हणाले. "भूतकाळ आहे तो."