खडीगाडीचे फोटो

"चांगदेव, मागं हो! अरे मागं हो!" खडीच्या गाडीवरून चिंधू मुकादम ओरडला.

चांगदेव जागचा हलला नाही. डोळा कॅमेऱ्याला, पाय खडीत रोवलेले. इंजिन शिट्टी फुंकत अंगावर आलं तेव्हा त्यानं खटका दाबला आणि उडी मारून बाजूला झाला. शेवटच्या डब्यातून चिंधूनं त्याला एक सणसणीत शिवी हासडली. शिवी मायेची होती.

राहनाळच्या शेतांमधून नवी लाईन पडत होती. तिच्यावर अजून माणसांची गाडी नव्हती. खडी आणि स्लीपर वाहणारी एकच गाडी दिवसभर ये-जा करायची. त्या एका गाडीचे फोटो चांगदेव दोन वर्षं काढत होता. कापडाच्या लूमची शिफ्ट सुटली की सायकल थेट रुळाकडे. थोरल्याचं खूळ धाकट्याच्या डोक्यात शिरलं, असं गाव म्हणायचं.

थोरला म्हणजे त्याचा भाऊ केसरीनाथ. त्याचं खूळ मात्र अस्सल होतं, बघणाऱ्याला हेवा वाटावा असं. लोक मेलगाड्यांकडे बघत उभे राहतात. हा पठ्ठ्या कल्याणला जाऊन कोळशाच्या नाहीतर सिमेंटच्या मालगाड्यांचे फोटो काढायचा. "मेलला बघाला सगला गाव हाय, हिला कोन हाय?" असं विचारायचा. आणीबाणी उठली त्या वर्षी गावात रूळ आले, तर यानं पेढे वाटले. आणि त्याच रुळांवर, त्याच खडीच्या गाडीखाली तो गेला. शेजारी खडीत कॅमेरा पडलेला होता. फोटोच्या नादात भान राहिलं नाही, असं सगळेच म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, नाही असं नाही, पण झाडावर बसून नुसते बघत होते. आईनं सांगितलं, सुनेला लेकीसारखी सांभाळीन. काकांनी सांगितलं, घर फुटू देणार नाही. कावळे ढिम्म. ऊन चढलं, भटजी सारखे घड्याळाकडे बघू लागले. शेवटी चांगदेव पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "दादा, तुज्या गाडीचे फोटो मी काढत रानार. खाडा करनार न्हाय."

बोलून होतंय तोच एक कावळा उतरला. लांब बांधावर बायका उभ्या होत्या, केसरीनाथची बायको पार्वतीही त्यांच्यात होती. तिथून एकदम रडण्याचा आवाज उठला.

चांगदेवला गाड्यांचं प्रेम कधीच नव्हतं. पण शब्द दिला होता, आणि तोही मेलेल्या माणसाला.

सुरुवातीला सोपं गेलं. पुढे त्याला वाटू लागलं, दादा पाठीशी उभा आहे. खटका दाबायच्या आधी मानेवर श्वास यायचा. अजून पुढं. अजून थोडं. चांगदेव घाबरायचा, तरी पाऊल पुढेच पडायचं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. काशीला सातवा महिना होता.

फोटो धुऊन आले की तो वहिनीकडे नेऊन द्यायचा. पार्वती एकेक निरखून बघायची, पत्र्याच्या पेटीत ठेवायची आणि चहाचं आधण टाकायची. त्यावर कधी अवाक्षर बोलली नाही.

त्या दुपारी तो आला तेव्हा तिनं पेटीतले सगळे फोटो भुईवर ओळीनं मांडले होते. पहिल्या फोटोत इंजिन करंगळीच्या नखाएवढं होतं. पुढे ते वाढत गेलं होतं. शेवटच्या फोटोत मावलंच नव्हतं. नुसतं लोखंड दिसत होतं.

"भावजी, ह्या कॅमेऱ्यात लांबचं जवल आनाची सोय हाय?"

"न्हाय, वयनी."

"मंग तुमीच पुढं जाता."

एकदम चांगदेवचा बांध फुटला. "दादा बोलवतो, वयनी. न्हाय जायाचं म्हनतो तरी पाय जातात."

"उद्यापासून जाऊ नका."

"शब्द दिलाय मी. कावला माज्या शब्दावर शिवला. मोडला तर दादा तसाच भटकत रानार."

"आन् पालला तर काशी माज्यासारखी बसंल," पार्वती म्हणाली.

तिनं उठून दाराला कडी घातली आणि पुन्हा त्याच्यासमोर येऊन बसली.

"त्या दिवशी कॅमेरा घरात होता. पेटीत. चिंधू मानसं बोलवाला पलाला, तवा मी तो पदराखाली नेला आन् खडीत ठेवला."

चांगदेवला आधी समजलंच नाही. "मंग दादा रुलावर कशाला गेला होता?"

पार्वतीनं शेवटचा फोटो उचलून पालथा ठेवला. रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये लूम खडखडत होते. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"पन का?"

"मला न्हाय सांगून गेले," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. "तुमच्या शब्दावर कावला न्हाय शिवला, भावजी. तुमी हात जोडलेत तवा बांधावर मीपन जोडले होते. मनात त्यांना बोलले, तुमी आपल्या पायानं गेलात, ह्ये मी मरंपर्यंत कुनाला सांगनार न्हाय. तवा शिवला."