जैसे थे

“अपील फेटाळलं, वहिनी,” ओसरीवर टेकत गद्रे वकील म्हणाले. “हायकोर्ट म्हणतं, हा मधला हुकूम आहे, त्यावर अपील चालत नाही. आधी दाव्याचा निकाल लागू द्या.”

रेवतीने परसातल्या पपईकडे पाहिलं. वाटणीच्या दाव्यात ‘घर आणि घरातलं सगळं जैसे थे ठेवा’ असा हुकूम झाला आणि घराने तो तंतोतंत पाळला. पपई तेव्हापासून हिरवीच होती. भिंतीला चुना फासला, तर सकाळी जुने पोपडे परत आलेले असत.

“निकाल कधी लागेल?”

“लागतील काही वर्षं. तोवर काही बदलायचं नाही, एवढं सांभाळा.”

तिने पोटावर हात ठेवला. हुकूम झाला तेव्हा सातवा महिना होता. मध्ये तीन दिवाळ्या गेल्या, सातवा सरला नव्हता.

हाताखाली काहीतरी हळूच वळलं.

“आई,” पोटातून आवाज आला, “पुढची तारीख कधीची?”