बोर्डावरची खालची ओळ

बहिणीने सकाळपासून कितीदा फोन लावला आणि दादाने नेहमीप्रमाणे फोनच बंद करून टाकला. आता बोला! आईशी भांडून घर सोडलेला माणूस. घरच्यांचा नंबर दिसला की त्याचा पारा चढायचा. तिकडे दवाखान्यात आई अडून बसलेली, मुलाचं तोंड बघितल्याशिवाय ऑपरेशनला जायची नाही म्हणून.

रिकामा ट्रक घेऊन तो याच हायवेने निघालाय, एवढं ट्रकमालकाकडून कळलं होतं. रस्त्याचं काम चालू होतं त्याच्या जरा अलीकडेच दवाखान्याकडे जाणारा फाटा होता, आणि त्या कामाच्या केबिनमध्ये बहीण बसलेली. तिच्या या नव्या नोकरीचा दादाला पत्ताच नव्हता.

रस्त्याकडेचे सेन्सर गाड्यांचा वेग मोजायचे आणि फाट्याआधीच्या मोठ्या बोर्डावर अक्षरं आपोआप उमटायची: ‘पुढे काम चालू. वेग कमी करा.’ खालची ओळ अडीअडचणीसाठी मोकळी. मग ही अडचण नाही तर काय? तिने मन घट्ट केलं आणि टाइप केलं: ‘दादा, आई बोलावतेय.’

मुकादम धावतच आत आले. “अगं बाई, हा काय घरचा फळा आहे? स्वतःची नोकरी घालवशील आणि माझीही!”

“काका, आईचं ऑपरेशन आहे. भाऊ याच रस्त्यावर आहे आणि फोन बंद करून बसलाय हो.”

ते ओळ पुसायला वाकले आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघतच राहिले. ‘वेग कमी करा’ला जिथे कुत्रं विचारत नव्हतं, तिथे गाड्या गोगलगाईसारख्या येत होत्या. एकदोघांनी तर गाडी कडेला घेऊन फोन कानाला लावलेला. सेन्सरनेही हे हेरलं. वरची ओळ आपोआप बदलली: ‘पुढे वाहतूक संथ.’

“जगातले सगळे दादा आजच सापडले,” मुकादम पुटपुटले. “राहू दे जरा वेळ. वरून कुणी विचारलं तर मी बघतो.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दादाचा!

“काय गं, कशी आहेस?” आवाज ओशाळलेला. “इथे बोर्डावर लिहिलंय, दादा, आई बोलावतेय. कोण करंटा असेल, ज्याच्या आईला बोर्ड लावावा लागतो! म्हटलं, आपण तरी विचारावं. बरी आहे ना आई?”

तिला रडूच फुटलं.

“दादा, तू आधी डावीकडे वळ. मग सांगते.”

पडद्यावर खोळंबलेल्या रांगेत एका ट्रकचा डावा दिवा लुकलुकू लागला.