मुंबईच्या तारा

बाबा गेल्यावर महिन्याभराने, गणपतीच्या चार दिवस आधी, त्यांच्या हौशी ऑर्केस्ट्रातले माणिकराव घरी आले. बाबांची बेस गिटार आता तेच वाजवणार होते.

"वैनी, तारांचा आवाज पार बसला. किसनराव दर गणपतीले मुंबईहून नव्या तारा मागवत. त्या दुकानाचा पत्ता पाहिजे. नाही तं यंदा खामगावात आपली फजिती हाय."

मी कपाट, डायऱ्या, जुनी पाकिटे पालथी घातली. पत्ता कुठेच नव्हता.

"काऊन शोधून राह्यली?" आई म्हणाली. "त्या तारा काढून आण इकडं."

तिने स्टोव्हवर पातेले चढवले, पाण्यात चिमूटभर सोडा टाकला आणि चारही तारा दहा मिनिटे उकळून कोरड्या फडक्याने घासून पुसल्या. माणिकरावांनी त्या चढवून एक छेडली. बाबांचाच आवाज.

"आठ वर्षं याच तारा हायेत, भाऊजी."

माणिकराव पोट धरून हसले. "म्हणजे आठ वर्षं थापा! थांबा, मंडळीले सांगतोच."

आईही हसली, महिन्याभरात पहिल्यांदा.

"नका सांगू," ती म्हणाली. "यंदाच्या तारा त्यांनी जायच्या आधीच मागवून ठेवल्या होत्या म्हणा."