हरवलेलं पैंजण

कोल्हापूर संस्थान गेलं, हेही माझे चुलते तात्या म्हातारपणी विसरले, तेव्हा त्यांना भरवायचं काम माझ्यावर आलं. मी सात वर्षांची असताना गुळाच्या खोलीत त्यांनी माझ्याशी काय केलं, ते मी घरात एकदाच सांगितलं होतं. "तापात भास झाला तुला," काकी म्हणाली होती. त्याच दिवशी एका पायातलं पैंजण हरवल्याबद्दल मार मात्र भरपूर मिळाला. भास, भास ऐकून पुढं मलाही तसंच वाटू लागलं.

तरी रोज घास भरवताना मी त्या खोलीतलं सगळं तात्यांच्या कानात सांगत राहिले. पैंजणाचं तेवढं कधी बोलले नाही.

बेंदराला, बैलांच्या सणाला, सगळे भाऊबंद पंगतीला बसले होते. तात्या एकदम रडायला लागले. "पोरी, तुझं पैंजण माझ्या पेटीत हाय. त्या खोलीत तुटलं, ते मीच लपवलं."

सगळ्यांचे हात ताटातच थांबले.

"लक्ष दिऊ नका," काकी घाईनं म्हणाली. "ह्यास्नी आताशा भास होत्यात."

मी आतून पेटी आणली आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

"मग उघड की सगळ्यांसमोर, काकी. भासच हाय न्हवं."