एकटी भांडली असेल

आरोग्य संशोधनाची शिष्यवृत्ती कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत वसईच्या डॉ. रिटा होत्या. मिठागरातल्या मजुरांच्या मूत्रपिंडांवर काम करू पाहणारी, वसईकडचीच प्रणिता मुलाखत देऊन बाहेर गेली, तसे अध्यक्ष म्हणाले, "विषय चांगला आहे, पण कॉलेज लहान, आणि हिच्या गाइडला कोण ओळखतं?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडच्या मुलीची बाजू घेतली असं कोणी म्हणायला नको, म्हणून रिटा गप्प राहिल्या. शिष्यवृत्ती दुसऱ्याला गेली.

पण ती मुलगी काही मनातून जाईना. शेवटी "पुन्हा अर्ज कर" असं सांगायला रिटा तिच्या गावी गेल्या. दारात आई भेटली.

"ती पुन्याला औषधाच्या कंपनीत लागली. संशोधन सोडलं तिनं. तुम्ही कोन?"

रिटांनी नाव सांगताच आईने त्यांचे दोन्ही हात धरले.

"तुम्हीच का त्या? पोरगी सांगायची, बाकी सगळे नाय म्हनाले असतील, पन आपल्या वसईची बाई माझ्यासाठी एकटी भांडली असेल. जेवल्याशिवाय जायचं नाय हां!"

आई आग्रहाने वाढत राहिली. रिटांनी मान खाली घालून ताटातलं सगळं संपवलं.