सोडवलेला गुंता

म्झे ओंगेरींच्या पत्राला न्याबोकेने कधी उत्तर दिलं नव्हतं. ऑफिसात सगळे या वयस्कर प्रोग्रामरना आदराने 'म्झे', म्हणजे आजोबा, म्हणत. केनियात केरिचोतल्या चहा कंपनीसाठी त्यांनी लिहिलेला कोड म्हणजे नुसता गुंता होता. पानांच्या वजनाचा एकच हिशेब जागोजागी पुन्हा लिहिलेला. "एवढं सोडव, तुझी जागा पक्की," साहेब म्हणाले होते. तिने सोडवला. कोड कुणालाही कळू लागला आणि म्झेंची नोकरी गेली. पत्रात त्यांनी विचारलं होतं, "पोरी, तो गुंता मला सोडवता येत नव्हता, असं वाटलं का गं तुला?"

आज साहेबांनी तिला बोलावून चहा पाजला. "काय सोपा केलास कोड! परवा आलेली पोरंसुद्धा सांभाळतील. उद्यापासून तू येऊ नकोस."

टेबल आवरून ती थेट पोस्टात गेली. तिथेच उभ्याने एका ओळीचं उत्तर लिहून तिने पेटीत टाकलं: "हो म्झे, तसंच वाटलं होतं."